हॅना ऊर्फ मर्सी

नाना,

उद्या सकाळी नऊ वाजता वुस्टरमधला एक दगड कोरणारा माझी चूक ग्रॅनाइटवर कोरायला घेणार आहे. ती चूक आहे हे मला गुरुवारी दुपारी कळलं. आज रविवार, आणि ज्यांच्यासाठी तो दगड घडतो आहे त्या बाईंना मी अजून सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. इथे हे कुणाला सांगायचं तर आधी आपल्याकडच्या लग्नांपासून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला ते सांगावं लागणार नाही, कारण चूक ज्या रीतीनं झाली ती रीत तुम्हीच मला शिकवली. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली. हे पाठवायचं नाही, हे उघडच आहे.

आम्ही आता अमेरिकेतल्याच श्रूजबरीला राहतो. जवळच्या एका लहान गावच्या लायब्ररीत जुन्या कागदांची खोली आहे, तिथे मी सहा वर्षं काम करते. तुमच्या कलेक्टर कचेरीतल्या रेकॉर्ड रूमसारखीच खोली, फक्त वाळवीऐवजी इथे ओलीचं भय. नोकरी मिळाली तेव्हा तिथल्या मंडळींना जरा नवल वाटलं. साडी नेसणारी बाई, ती आमच्या आजोबा-पणजोबांचे कागद लावणार? तीन महिन्यांत मी त्यांना त्यांच्याच गावच्या हद्दीच्या नोंदीतल्या दोन चुका काढून दाखवल्या. तेव्हापासून कुणी विचारत नाही. किंबहुना कुठे काही अडलं की म्हणतात, तिला विचारा, ती चुकत नाही. हे वाक्य मला आवडत असे. गुरुवारपासून ते मला ऐकवत नाही.

बाई म्हणजे इथल्या एक निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं, म्हणून मी मनात त्यांना बाईच म्हणते. वय चौऱ्याऐंशी. लग्न केलं नाही, भाऊ गेले, घराण्यातलं या गावात राहिलेलं शेवटचं माणूस त्या. त्यांचा मूळपुरुष इंग्लंडहून जहाजानं आला, काही वर्षं किनाऱ्याला राहिला आणि मग जंगल तोडून इथे वसला. त्या मूळपुरुषापासून आजपर्यंतचा सगळा इतिहास नीट लावून द्यायचं काम बाईंनी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे दिलं. म्हणजे कुलवृत्तान्तच की! मी मनात म्हटलं, हे काम तर मी कॉलेजात होते तेव्हापासून करते आहे.

बाईंचा जीव मूळपुरुषावर नाही, त्याच्या बायकोवर. हॅना तिचं नाव. सतराव्या वर्षी जहाजात चढली, वाटेत तिची आई गेली, किनाऱ्याला उतरली ती एकटी. एवढं एका जुन्या पत्रात आहे. बाई ही गोष्ट प्रत्येक वर्गाला सांगत आल्या. गेल्या वर्षी त्यांचं हृदय बिघडलं, इस्पितळात पडून होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, "प्रोफेसर, मला इंजेक्शनची भीती वाटली की मी हॅनाची आठवण काढते. ती सहा आठवडे समुद्रावर होती. मला काय झालंय?" मला त्या प्रोफेसर म्हणतात. मी त्यांचं स्पेलिंग एकदा सुधारलं होतं, त्याचा तो सूड आहे.

आता त्यांना हॅनाच्या नावाचा दगड जुन्या दफनभूमीत उभा करायचा आहे. मूळपुरुषाचा दगड आहे, हिचा नाही. जूनमध्ये चुलत-मावस मंडळी गोळा होणार आहेत. दगडावरचा मजकूर मी लिहून दिला: हॅना, जिला मर्सी असंही म्हणत, अमक्याची पत्नी.

जिला मर्सी असंही म्हणत. नाना, तुम्हाला कळलं असेल.

गावच्या लग्नाच्या नोंदीत बायकोचं नाव हॅना. पहिल्या तीन मुलांच्या नोंदीत आई हॅना. चौथ्या मुलाच्या नोंदीत नुसतं बापाचं नाव. आणि पुढे एका जमिनीच्या दस्तावर बायकोचं नाव मर्सी, सही म्हणून फुली. मृत्यूच्या नोंदवहीची सुरुवातीची पानं गहाळ. हे सगळं मी चिठ्ठ्यांवर उतरवलं, चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या, आणि मनाला एकदाही न विचारता माझ्या हातानं हॅनाची चिठ्ठी नि मर्सीची चिठ्ठी एकावर एक ठेवून टाचणी मारली. एक माहेरचं नाव, एक सासरचं. एकच बाई.

मी या देशात बावीस वर्षं राहिले आहे. इथे लग्नात बाईचं आडनाव बदलतं, पाळण्यातलं नाव बदलत नाही, हे मला माहीत नाही असं नाही. पण हाताला कुठे माहीत होतं? माझंच पाहा. पदवीच्या कागदावर तुम्ही ठेवलेलं नाव आहे. पासपोर्टवर लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव आहे. या नोकरीसाठी पदवी दाखवायची वेळ आली तेव्हा या दोन नावांची बाई एकच आहे असं मला नोटरीपुढे शपथेवर लिहून द्यावं लागलं. नोटरी म्हणाला, "म्हणजे तुमचं फर्स्ट नेमसुद्धा? का?" मी त्याला म्हटलं, "कस्टम."

गंमत अशी की मजकूर बाईंनी वाचला आणि त्यांना काहीच खटकलं नाही. "अस्सं! माझ्या मेरी आत्याला पॉली म्हणत, तसं," एवढंच म्हणाल्या. इथे माणसांना अशी घरगुती नावं असतात, तेव्हा त्यांना ते पटलं. माझ्या चुकीला त्यांची रीत येऊन मिळाली आणि ती चूक दिसेनाशी झाली.

दगड कोरणाऱ्यानं हॅनाच्या मृत्यूचं साल विचारलं म्हणून मी गुरुवारी पलीकडच्या गावातल्या चर्चमध्ये गेले. तिथल्या एका जुन्या पाद्र्याची वही जपून ठेवलेली आहे. बारीक, तपकिरी अक्षर. अकराव्या पानावर हॅना सापडली: अमक्याची पत्नी, अर्भकासह पुरली. चला, मिळालं साल, म्हणून मी ते उतरवून घेतलं. तुमच्या सवयीनं पुढची दोन पानंही वाचली. तिथे त्याच माणसाचं दुसरं लग्न. मर्सी, विधवा, एका शेजाऱ्याच्या घरी कामाला होती. बाई ज्याच्या वंशातल्या तो चौथा मुलगा, तो हॅना गेल्यानंतर दोन वर्षांनी जन्मला आहे.

म्हणजे हॅना बाईंची कुणीच नाही. जहाज त्यांचं नाही, सतरावं वर्ष त्यांचं नाही. त्यांची आहे ती फुली.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. शुक्रवारी लायब्ररीत मी तीन वेळा फोन उचलला आणि खाली ठेवला. काल मंडळाच्या जेवणाला गेलो होतो, तिथे भातात मीठ दोनदा घातलं म्हणून एका काकूंनी मला हसत टोकलं, आणि मी, जी दरवर्षी सगळ्यांच्या कोशिंबिरीला नावं ठेवते, मुकाट उभी राहिले. तुमचे जावई म्हणतात, "अडीचशे वर्षांपूर्वीची बाई. ती काय कोर्टात जाणार आहे? म्हातारीला सुखानं मरू दे." त्यांनी जन्मभर पूल बांधले. मी त्यांना विचारलं, तुमच्या पुलात एक खांब चुकीचा लागला असता तर? ते म्हणाले, "पुलावरून माणसं जातात गं." मग पेपर वर केला. मुलगी बोस्टनला असते. तिला फोन केला तर ती म्हणते, "आई, जस्ट कॉल हर. लोक मिस्टेक्स करतात."

"लोक करतात. मी करत नाही."

"वेल, नाऊ यू डू," म्हणाली. आणि हसली. मी फोन ठेवून दिला. नंतर वाटलं, ती पोर मला घाबरत नाही हे बरं आहे. मी तुम्हाला किती घाबरायची.

पण भीती बाईंच्या हृदयाची आहे असं मी तीन दिवस स्वतःला सांगते आहे ते पुरतं खरं नाही. ती आहेच. दोन जिने चढल्या की त्यांचे ओठ निळे पडतात. त्यांच्या हातातून त्यांची आजी काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, ही घ्या दुसरी, हिला लिहिता येत नव्हतं. मला ते जमेल का? आणि त्याच्या मागे दुसरी भीती आहे, ती मला जास्त ओळखीची. उद्यापासून कुणी म्हणणार नाही की ती चुकत नाही.

अमरावतीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं आहे. घरात तेवढी एकच जमीन होती जिथे सगळ्या चिठ्ठ्या मांडता येत. कॉलेजचं माझं दुसरं वर्ष. तुम्ही वर्षभर गावोगावच्या भाऊबंदांना जोडकार्डं पाठवता आहात, आलेल्या उत्तरांवरून मी रद्द फॉर्मांच्या पाठीवर एकेका माणसाची चिठ्ठी करते आहे. आईनं मैद्याची खळ करून दिली आहे आणि ती चुलीशी पोळ्या लाटते आहे. पिठाचा हात लागेल म्हणून तिला चिठ्ठ्यांना शिवायची बंदी. तुमच्या पणजोबांच्या चौकटीपाशी आपण आलो. बायकोचं नाव घरच्या कागदात एक, नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत दुसरं. मी थांबले, तर तुम्ही म्हणालात, "थांबतेस काय? बायकांना दोन नावं असायचीच. जोड."

मी खळ लावली.

आई पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "अहो, सासूबाई सांगायच्या, त्या दोघी होत्या. पहिली विहिरीत पडून गेली. पोटुशी होती."

"पुरावा?" तुम्ही विचारलंत.

"सासूबाई सांगायच्या."

"सांगोवांगी. कागद काय म्हणतो ते बघायचं. नक्कल करणाऱ्यानं ऐकायचं नसतं, पाहायचं असतं."

आणि मी, एकोणीस वर्षांची, इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणाले, "आई, तू पोळ्या बघ. तुला काय कळतं त्यातलं?"

तुम्ही हसलात. मला ते हसणं बक्षिसासारखं वाटलं. त्याआधी आठवडाभर तुम्ही मला रागावत होतात, एका चिठ्ठीवर जन्मगाव अंदाजानं लिहिलं म्हणून. सगळ्या आल्यागेल्यांसमोर ती चिठ्ठी फाडली होतीत: "अंदाज करायचा असेल तर ज्योतिषी हो." तेव्हा त्या हसण्यासाठी मी काहीही बोलले असते. आईनं लाटलेली पोळी तव्यावर टाकली. पुस्तक छापून आलं, त्यात पणजोबांच्या चौकटीत एक बायको आहे, दोन नावांची, मधे ऊर्फ. मला ती चौकट आठवते कारण त्या पानाची प्रुफं मीच तपासली होती.

मला तुम्हाला जाब विचारायचा नाही. तुमचा काळ, तुमचे कागद. पण गुरुवारी त्या चर्चमध्ये बसले होते तेव्हा मला पहिल्यांदा हे सुचलं की त्या दुपारी अंदाज तुम्हीच केला होतात. कागद दोन नावं म्हणत होता. एकच बाई असं कागद कुठेच म्हणत नव्हता. दोन बायका आहेत असं म्हणणारं माणूस त्या खोलीत एकच होतं आणि त्याच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

पाच वाजत आले. बाईंकडे आता जाता येईल. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे कुणी नसतं. मी उठत नाही आहे.

*

सोमवार, दुपार.

काल गेले नाही. सकाळी साडेसातला निघाले. गाडी त्यांच्या दारापुढे लावली आणि इंजिन बंद न करता बसून राहिले. शेवटी त्यांनीच खिडकी वर करून ओरडून सांगितलं, "प्रोफेसर, पेट्रोल जाळायचं असेल तर आत येऊन जाळ. निदान चहा तरी घे."

चहा करायला त्यांना किती वेळ लागावा? किटली भरली, गाळणं शोधलं, कप बदलला, कारण मला कान तुटलेला कप चालत नाही हे त्यांना ठाऊक आहे. भिंतीवरचं घड्याळ आठ दहा, आठ वीस. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. दोन बायका आहेत. मी त्यांची एक केली. तुम्ही दुसरीच्या आहात. तिसरीच्या वर्गातल्या मुलांना सांगावं तसं, तीन वाक्यांत. माझा आवाज मला भांडल्यासारखा ऐकू आला.

बाई खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते.

"कुणी केली म्हणालीस?"

"मी. आमच्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलतात. पाळण्यातलंसुद्धा. माझंही बदललं. माझा हात सवयीनं गेला."

"तुझं नाव तुझं नाही?"

"दोन्ही माझीच आहेत."

"हं," त्या म्हणाल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग, "म्हणजे इस्पितळात मी इतके दिवस परक्या बाईला त्रास देत होते."

मी म्हटलं, "तिची हरकत नसावी." आयुष्यात इतकं निरर्थक वाक्य मी बोलले नसेन. त्या हसल्या नाहीत. डोळे पुसले, चष्मा घातला आणि म्हणाल्या, "त्या दुसरीनं काय केलं आयुष्यात? काही आहे?"

"फुली आहे."

"दाखव."

दस्ताची प्रत मी पुढे केली. त्यांनी ती खिडकीशी नेली. मर्सीची फुली सरळ नाही. एक रेघ लांब आहे, दुसरी सुरू करून मधे थांबल्यासारखी आणि मग जोर देऊन पुरी केलेली. चाळीस वर्षं लहान मुलांची अक्षरं पाहिलेल्या बाई ती फुली पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हिनं त्याआधी कधी लेखणी धरली नव्हती. आणि सोडलीही नाही. कुणी हात धरून काढून घेतलेली फुली नाही ही." थोड्या वेळानं, "हॅनाची मुलं कुणी वाढवली?"

"तिघं लहान होती. हिनंच वाढवली असणार." मग मी स्वतःला थांबवलं. "ते कुठे लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे."

"असू दे अंदाज. अंदाज म्हणून लिही."

नऊला दहा कमी होते. त्यांनीच फोन लावला. तो दगडवाला बहुधा त्यांच्या वर्गात होता, कारण त्या त्याला म्हणाल्या, "छिन्नी खाली ठेव आणि ऐक. दोघी आहेत... हो, दोघी. नाही, मला दुसरा दगड नको. अक्षरं बारीक कर, दोघी मावतील. तुझं अक्षर लहानपणी बारीकच होतं, वाचता येत नसे." फोन ठेवला. मी कप विसळायला उठले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. वर्गातला.

"तुला हे कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज सोमवार आहे."

"हो."

"प्रोफेसर, मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. माझे चार दिवस असे ठेवून घ्यायचे नाहीत. चूक केलीस त्याचं मला काही नाही. पुन्हा असं करू नकोस."

"नाही करणार," मी म्हटलं. मला कुणी असं रागावून किती वर्षं झाली.

घरी येऊन अमरावतीला भावाला पत्र लिहिलं आहे. ते मात्र पाठवणार आहे. आपल्या कुलवृत्तान्ताची त्याच्याकडे प्रत आहे, तीत त्या पानावर एक चिठ्ठी लावायला सांगितली आहे. तिच्यावर काय लिहायचं तेही कळवलं: आईच्या सांगण्याप्रमाणे या दोघी होत्या. पहिली विहिरीत पडून गेली, तेव्हा गरोदर होती. कागद नाही.

तुमच्या कचेरीत नक्कल देताना नोंद करत. ती सवय माझ्या हाताला अजून आहे, तेव्हा आज सकाळी काय हातात दिलं ते इथे लिहून ठेवते.

दुरुस्त वंशवृक्ष, मोठा कागद, एक. पाद्र्याच्या वहीतल्या दोन पानांच्या झेरॉक्स प्रती. दस्ताची प्रत, एक. ती त्यांनी परत दिली नाही, खिडकीशी लावून ठेवली आहे. दगडाचा नवा मजकूर, दोन ओळी, त्यांच्या सहीनं. जुना चुकीचा वंशवृक्ष मी फाडणार होते, तो त्यांनी मागून घेतला. आणि माझ्या चुकीची टीप, टाइप केलेली, एक पान, माझ्या सहीनिशी. तिच्यात चूक कशी झाली ते लिहिलं आहे. ही रीत मला कुणी शिकवली, तेही तिच्यात लिहायला हवं होतं. ती जागा मी कोरी सोडली.